सहा मिलिमीटरचा सिमेंट पत्रा : नवा घेऊ नका, जुना घाईने फोडू नका

दुकानात ‘सिमेंटचा पत्रा’ मागितला की जो करडा, लाटांचा पत्रा दाखवतात, त्याचं हे परीक्षण आहे. निकाल आधीच सांगतो. नव्या कामाला हा पत्रा घेऊ नये. आणि घरावर, गोठ्यावर, शेडवर जो वर्षानुवर्षं बसलेला आहे आणि अजून अखंड आहे, तो धसका घेऊन उद्याच उतरवू नये. दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. या पत्र्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. ते हवेत सुटतात कापताना, भोक पाडताना, घासताना आणि फोडताना.

आधी त्याच्या जमेच्या बाजू, कारण त्या खऱ्या आहेत. हा पत्रा गंजत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत साधा लोखंडी पत्रा काही पावसाळ्यांत चाळण होतो, हा टिकतो. पावसाचा आवाज कमी येतो आणि उन्हात तो टिनाइतका तापत नाही. स्वस्तही पडतो. म्हणूनच चाळी, कारखान्यांची शेड, झेडपीच्या शाळा, पोल्ट्री, सगळीकडे तो दिसतो. आयएस ४५९ या मानकाप्रमाणे पत्रा ६ मिमी जाड, १.०५ मीटर रुंद, लाटांमधलं अंतर १४६ मिमी, लाटेची खोली ४८ मिमी. लांबी दीड ते तीन मीटर. तीन मीटरचा एक पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो. त्यात वजनाने साधारण आठ-दहा टक्के क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा अॅस्बेस्टॉस. एका पत्र्यात तीन-चार किलो तंतू झाले. भारतात अॅस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे १९८६ पासून थांबले, तरी बाहेरून आणलेल्या तंतूवर हे कारखाने चालतात आणि भारत हा आज या तंतूचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. ब्रिटनने १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस, युरोपीय संघाने २००५ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये तो बंद केला.

आता आकडे. हवेतला अॅस्बेस्टॉस मोजतात तो एक मिलिलिटर हवेत किती तंतू, या हिशेबाने. मोजणीत धरायचा तंतू ५ मायक्रॉनपेक्षा लांब, ३ मायक्रॉनपेक्षा बारीक आणि रुंदीच्या किमान तिप्पट लांब असावा लागतो. असा तंतू डोळ्यांना दिसत नाही. कवडशात तरंगणारी धूळ दिसते ती त्याच्यापेक्षा बरीच जाड. त्यामुळे ‘धूळ बसली, आता चालेल’ हा अंदाज इथे कामाचा नाही.

गावाकडच्या मोकळ्या हवेत मिलिलिटरमागे ०.००००१ तंतूच्या आसपास असतात, शहरात त्याच्या दसपट. अमेरिकेत कामगारासाठी आठ तासांची सरासरी मर्यादा ०.१ आहे, १९९४ पासून. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने ती ०.०१ वर आणायचं ठरवलं. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात क्रायसोटाइलसाठी १ लिहिलं होतं, म्हणजे अमेरिकेच्या दसपट. माणूस आठ तासांच्या पाळीत साधारण दहा घनमीटर हवा घेतो. ०.१ च्या हवेत काम केलं तर पाळीला दहा लाख तंतू आत जातात, १ च्या हवेत एक कोटी.

आणि पत्रा कापताना? ब्रिटनच्या एचएसई या सरकारी सुरक्षा यंत्रणेने अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या कामांचे आकडे दिले आहेत. हाताच्या करवतीने कापताना १ पर्यंत. मशीनने भोक पाडताना १ पर्यंत. पत्रे कोरडे उतरवताना आणि थप्पी लावताना ०.५ पर्यंत. ग्राइंडरला डिस्क लावून कोरडं कापलं तर १५ ते २५. ग्राइंडर सुरू केला की मागे पांढरा पिसारा उडतो आणि कापणारा माणूस वाकून त्याच पिसाऱ्यात तोंड घालून असतो. वीसच्या हवेत पंधरा मिनिटं म्हणजे ०.१ च्या मर्यादेतल्या सहा पूर्ण पाळ्यांइतका तंतू. फॅक्टरी कायद्यातल्या त्या १ च्या मर्यादेत मात्र ही पंधरा मिनिटं दिवसाच्या सरासरीत बसून जातात. शिवाय घरांवर पत्रे टाकणारा मिस्त्री कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो, त्याच्या हवेची मोजणी कुणीच करत नाही.

या तंतूंपासून तीन मोठे आजार होतात. अॅस्बेस्टॉसिस, म्हणजे फुप्फुस हळूहळू कडक होत जाणं. त्याला बरीच मात्रा आणि बरीच वर्षं लागतात. दुसरा फुप्फुसाचा कॅन्सर. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला अॅस्बेस्टॉसची जोड मिळाली की तो धोका नुसता वाढत नाही, गुणिला जातो. तिसरा मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आतल्या पातळ आवरणाचा कॅन्सर. याचा बिडी-सिगारेटशी संबंध नाही. निर्व्यसनी माणसाला तो तितकाच होऊ शकतो, आणि तुलनेने कमी संपर्कातूनही झालेला आहे. कामगाराचे धुळीने भरलेले कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांना झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. त्याच्यासाठी ‘याखाली धोका नाही’ अशी सुरक्षित पातळी आजवर कुणाला दाखवता आलेली नाही. मात्रा जितकी कमी, तितका धोका कमी, एवढं मात्र पक्कं आहे. एकदा भिंतीत खिळा मारताना पत्र्याचा कोपरा तुटला, म्हणून कुणी रात्रीची झोप घालवू नये.

पहिल्या संपर्कापासून आजार दिसेपर्यंत साधारण वीस ते पन्नास वर्षं जातात, बहुधा तीस-चाळीस. धोका हा पहिल्या संपर्कानंतर उलटलेल्या वर्षांच्या तिसऱ्या-चौथ्या घाताने वाढत जातो. याचा छपरावरचा अर्थ सरळ आहे: तोच तंतू पंचावन्नच्या मिस्त्रीपेक्षा अठरा वर्षांच्या हेल्परला जास्त महाग पडतो, कारण त्याच्यापुढे आयुष्य जास्त आहे. आणि आपल्याकडे पत्रा धरायला, तुकडे गोळा करायला, झाडायला पोरांनाच लावतात. हे आधी थांबवा.

‘पांढरा अॅस्बेस्टॉस निरुपद्रवी, धोका निळ्याचा’ हा युक्तिवाद दुकानात हमखास ऐकू येतो. त्यात खरं किती? निळा म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अॅमोसाइट हे मेसोथेलिओमासाठी जास्त जहाल आहेत, यात वाद नाही. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्दर्न केपमधल्या निळ्या अॅस्बेस्टॉसच्या पट्ट्यातल्या ३३ रुग्णांवरूनच हा संबंध जगापुढे आला. २००० सालच्या एका गाजलेल्या विश्लेषणात तंतूमागचा मेसोथेलिओमाचा धोका पांढरा १ धरला तर तपकिरी १००, निळा ५०० असा काढला गेला. पण एक म्हणजे शून्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सगळ्याच प्रकारांना, पांढऱ्यासकट, माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवलं आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या बाबतीत तर हा फरक इतका मोठा राहत नाही. आणि जुन्या पत्र्याकडे बघून कोणता तंतू आहे हे कळत नाही. रंगांची नावं कच्च्या तंतूची आहेत, सिमेंटमध्ये सगळे करडेच.

या उत्पादनातला आमच्या मते सर्वांत मोठा दोष इथे आहे: न कापता तो बसवताच येत नाही. चार पत्र्यांचे कोपरे एकमेकांवर येतात त्या जागी चारही थर ठेवले तर पत्रा उचलला जातो, पाणी आत येतं आणि हूक आवळताना तो तडकतो. म्हणून प्रत्येक सांध्यावर दोन पत्र्यांचे समोरासमोरचे कोपरे तिरके छाटावे लागतात. मोठ्या शेडवर असे शेकडो कोपरे. शिवाय प्रत्येक जे-हूकसाठी, म्हणजे पत्रा खालच्या लोखंडी अँगलला आवळणाऱ्या वाकड्या बोल्टसाठी, लाटेच्या माथ्यावर भोक, आणि तेही हूकपेक्षा दोन-तीन मिमी मोठं, नाहीतर उन्हात पत्रा ताणला की भोकापासून चीर जाते. मानकाच्या पुस्तकात हे काम हाताच्या अवजाराने, ओलं करून, जमिनीवर करायचं असतं. प्रत्यक्षात ते वर चढून, ग्राइंडरने, कोरडं होतं, कारण तसं ते चार पट लवकर उरकतं. ‘योग्य वापर केला तर सुरक्षित’ हे वाक्य ज्या वापरावर उभं आहे, तो वापर आपल्या छपरांवर होत नाही.

जुना पत्रा : ठेवायचा की काढायचा

पत्र्याचं वय होतं ते वरून. पाऊस सिमेंट खात जातो, शेवाळ धरतं, आणि काही दशकांनी वरचा थर खरबरीत, लोकरीसारखा होतो; भिंगातून पाहिलं तर तंतूंची टोकं वर आलेली दिसतात. सुटलेले तंतू पावसाबरोबर वाहून पन्हळीत, वळचणीखालच्या मातीत साचतात. पन्हळीतला तो काळा गाळ कोरडा खरवडू नका. पाणी मारून चिखल करा, मग खुरप्याने काढून जाड पिशवीत भरा.

पत्रा अखंड आहे, आतली बाजू गुळगुळीत आहे, वर कुणी चढत नाही, तर त्याखाली राहण्यातला धोका फार कमी. राहू द्या. चीर एखादी असेल तर ओलं करून वरून डांबरी पट्टी चिकटवा. आतून रंग द्यायचा असेल तर ओल्या फडक्याने हलकं पुसून रोलरने द्या. पॉलिशपेपर, तारेचा ब्रश, खरवडणी यांतलं काहीही लावू नका. दरवर्षी मे महिन्यात गळती बंद करायला वर चढून जी घासाघीस होते, ती घातक. कोरडं घासताना हवा ३ पर्यंत आणि त्याहून वर जाते. प्रेशर पंपाने धुणं तर त्याहून वाईट, कारण तंतू शेजाऱ्यांच्या भिंतींवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात आणि पाणी वाळलं की पुन्हा उडतात.

काढायचा तो केव्हा? कडा भुसभुशीत होऊन हाताला पूड लागत असेल, तुकडे पडत असतील, आतून फ्लेक सुटत असतील, माकडं किंवा फांद्या पत्रे फोडत असतील, किंवा घर पाडायचंच असेल तर. शंका असेल तर आधी तपासून घ्या. कडेचा नखाएवढा तुकडा पाणी मारून पक्कडीने तोडा, एकात एक दोन झिपच्या पिशव्यांत घाला आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली अॅस्बेस्टॉस तपासणाऱ्या, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या.

उतरवण्याचं काम

पहिला धोका तंतूचा नाहीच, पडण्याचा आहे. हा पत्रा आधी करकरत नाही, वाकत नाही. पाय पडला की एकदम जातो आणि माणूस खालच्या फरशीवर. जुन्या पत्र्यावर कधीही थेट उभं राहायचं नाही, हूकच्या रांगेवरसुद्धा नाही. खालून पाळणा किंवा मचाण बांधून काम करता आलं तर उत्तम. वरूनच करायचं तर किमान दोन-तीन अँगलवर टेकतील अशा लांब फळ्या आणि कमरेला नव्हे, अंगाला पट्टे असलेला सेफ्टी बेल्ट.

वारा पडलेल्या सकाळी काम सुरू करा. घरातलं सामान, धान्य, पाण्याची पिंपं बाहेर काढा, मुलांना दिवसभर दुसरीकडे पाठवा, शेजाऱ्यांना खिडक्या लावायला सांगा. खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा. पाण्यासाठी पाठीवरचा फवारणी पंप उत्तम, मात्र कीटकनाशकाचा नको, नवा किंवा फक्त पाण्याचा घ्या. पाण्यात भांड्यांचा थोडा लिक्विड साबण घाला. त्याने पाणी थेंबाने ओघळत नाही, पसरतं आणि मुरतं. बारीक फवारा, जोराची धार नको. पत्रा भिजून पाणी वाहायला लागेल इतकंही नको, कारण ओला पत्रा आणि ओली फळी दोन्ही निसरड्या.

जे-हूकचे नट गंजलेले असणारच. तिथे हात ग्राइंडरकडे जातो आणि डिस्क नटाबरोबर पत्र्यातही घुसते. बोल्ट कटर वापरा, खालून हूकचा दांडा तोडा. हातोड्याने ठोकून पत्रा सोडवायचा नाही. बसवताना जो क्रम होता त्याच्या उलट जा : आधी मोभावरचे कोन, मग वरच्या रांगा, मग खाली. पत्रा अखंड सुटला की दोघांनी धरून दोरीने खाली सोडा. टाकू नका, सरकवू नका. एकावर एक घासत ओढणं म्हणजे पॉलिशपेपर मारणंच. खाली दोन थरांच्या जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावा आणि मार्करने मोठ्या अक्षरात ‘अॅस्बेस्टॉस, फोडू नका’ लिहा. पडलेले बारीक तुकडे ओले करून उचला, जमीन ओल्या फडक्याने पुसा आणि फडकी त्याच पिशवीत टाका. झाडू नाही, घरचा व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच नाही. त्याच्या गाळणीतून तंतू आरपार जाऊन खोलीभर पसरतात.

मास्कबद्दल स्पष्ट लिहायला हवं. गमछा, रुमाल, हिरवा-निळा सर्जिकल मास्क यांचा उपयोग शून्य. एन-९५ कागदावर बरा दिसतो, पण चेहऱ्याच्या कडेने गळतो. अमेरिकेच्या नियमांत अॅस्बेस्टॉसच्या कामाला असे वापरून फेकायचे मास्क चालतच नाहीत. घ्यायचा तो रबरी अर्धा मास्क, दोन्ही बाजूंना पी-१०० किंवा पी-३ च्या गाळण्या असलेला. तो मिळेचना आणि काम दोन-चार पत्र्यांचं असेल तर आयएस ९४७३ चा एफएफपी-३, त्याखालचं काही नाही. मास्क घातल्यावर गाळण्या तळहातांनी झाकून श्वास आत घ्या. मास्क चेहऱ्याला चिकटून आत ओढला गेला तर ठीक, कडेने हवा शिरली तर पट्टे आवळा. दाढी असेल तर तो बसत नाही, दोन दिवसांची खुंटंसुद्धा गळती करतात. कपडे जुने घाला, काम झालं की ते अंगावरच ओले करून काढा आणि पिशवीत बांधून पत्र्यांबरोबर जाऊ द्या. मास्क सर्वांत शेवटी काढायचा. मग डोक्यावरून अंघोळ, आणि त्यानंतरच चहा, तंबाखू, जेवण.

सगळ्यात अवघड भाग त्यानंतरचा. तुटके पत्रे आपल्याकडे वावराच्या रस्त्यात भराव म्हणून जातात, गोठ्यासमोरच्या चिखलात टाकले जातात, नाल्याकाठी फेकले जातात. त्यावरून ट्रॅक्टर गेला की दरवेळी नवी पूड. भंगारवाल्याला दिलेला पत्रा दुसऱ्या कुणाच्या तरी झोपडीवर चढतो आणि तिथे पुन्हा कापला जातो. घातक कचऱ्याची अधिकृत भूमी-भरण केंद्रं महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. मोठ्या शेडचं काम असेल तर ठेकेदाराच्या करारातच ‘अखंड पत्रे, गुंडाळून, अधिकृत केंद्रात, पावतीसह’ असं लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्या पावतीवर अडवून ठेवा. घरगुती दहा-वीस पत्र्यांसाठी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत गुंडाळलेली थप्पी सावलीत, सपाट, कुणाचा पाय पडणार नाही अशी ठेवा. अखंड, बांधून ठेवलेला पत्रा वाट पाहू शकतो.

बदली काय

अॅस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचा पत्रा सर्वांत जवळचा पर्याय. दिसायला, आवाजाला, उष्णतेला जवळपास तसाच, महाग थोडा. मात्र बिलावर नुसतं ‘फायबर सिमेंट’ असेल तर भुलू नका, कारण अॅस्बेस्टॉसचे पत्रेही याच नावाने विकले जातात. पत्र्यावरचा शिक्का बघा : आयएस ४५९ असेल तर तो अॅस्बेस्टॉसचा. बिनअॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर सहसा आयएस १४८७१ असतं. बिलावर ‘अॅस्बेस्टॉसविरहित’ हा शब्द दुकानदाराच्या सहीसह लिहून घ्या. हाही पत्रा कापताना सिलिकाची धूळ उडतेच, तेव्हा ओलं करणं आणि मास्क सुटत नाही.

रंगीत गॅल्व्हल्युम पत्रा, म्हणजे जस्त-अॅल्युमिनियमचा लेप दिलेला पोलादी पत्रा, हलका आणि झटपट. पण मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात आतून इन्सुलेशन नसेल तर दुपारी खाली बसवत नाही, आणि किनाऱ्यावर कापलेल्या कडांपासून गंज चढतो. तो ग्राइंडरने कापूच नये. ठिणग्यांनी लेप जळतो आणि नेमका तिथूनच पत्रा सडतो. पत्रा कातरायची कात्री किंवा निबलर वापरा. पफ पॅनेल थंड राहतं, पण आत ज्वलनशील फोम आहे, चुलीच्या वर नको. मंगलोरी कौलाला लाकूड आणि दरवर्षीची शाकारणी लागते. ज्यांना तेवढं जमतं त्यांना आजही त्याहून निवांत छप्पर नाही.

ज्यांनी वर्षानुवर्षं हे पत्रे कापले त्यांच्यासाठी. छातीत एकाच बाजूला पाणी झालं, दम लागतो, बोथट दुखतं, की आपल्याकडे पहिला अंदाज टीबीचा असतो आणि बहुतेकदा तो बरोबरही निघतो. पण औषधं सुरू करूनही पाणी पुन्हा भरत असेल तर ‘मी इतकी वर्षं सिमेंटचे पत्रे कापलेत’ हे वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांगा. पाण्याच्या तपासणीत मेसोथेलिओमा सहज निसटतो, आवरणाचा तुकडा काढून बायोप्सी लागते. सिगारेट-बिडी आजच सोडा. मेसोथेलिओमाला फरक पडणार नाही, फुप्फुसाच्या कॅन्सरला मोठा पडेल.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ च्या निकालात अॅस्बेस्टॉस कारखान्यांना प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा काम सोडल्यापासून पंधरा वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोपर्यंत जपायला सांगितलं. छपरावरच्या मिस्त्रीची अशी वही कुणी ठेवत नाही, म्हणून त्याने आपली आपण ठेवावी. एका पानावर कोणत्या साली, कोणत्या गावी, किती दिवस, ग्राइंडरने की करवतीने, मास्क होता की नव्हता, ठेकेदार कोण. हे पान रेशनकार्डाच्या पाकिटात ठेवा आणि घरात कुणाला तरी ते कशासाठी आहे ते सांगून ठेवा.